सिंधीपुऱ्यातला गोयंदा

उखर्डू जन्मला तेव्हा त्याच्या आईनं त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि लगेच उचलून घेतलं. आधीची तीन मुलं गेली होती. हे टाकलेलं पोर आहे, कुणाला नकोसं, असं देवाला वाटावं म्हणून. त्यांच्या निंबोला गावात त्या काळी असे चार-पाच उखर्डू होते. या उखर्डूला बाप नव्हता आणि शेत नव्हतं, म्हणून बाराव्या वर्षी तो मामाकडे बऱ्हाणपूरला आला. सिंधीपुऱ्यात मामा पाजणीचं काम करायचा. पुढं भाचाही तेच करायला लागला.

पाजणी म्हणजे सुताला खळ पाजणं. मागावर चढण्याआधी ताणा, म्हणजे उभं सूत, गल्लीत लांबच्या लांब ताणायचा, चाळीस हात, बांबूच्या घोड्यांवर. ज्वारीच्या पिठाची आंबवलेली खळ त्याला लावायची आणि मोठ्या कुंच्यानं टोकापासून टोकापर्यंत बसवत जायची. कुंचा एक, माणसं दोन. दोघांनी दोन बाजूंनी धरायचा आणि सारख्या जोरानं ओढायचा. एकानं जोर जास्त दिला की त्याच्या बाजूचे धागे तुटतात. मधे थांबलं की खळ वाळते, धाग्याला धागा चिकटतो आणि विणकराचा आठवडा वाया जातो. सूर्य डोक्यावर यायच्या आत सहा फेऱ्या. सहा म्हणजे सहा. पाचांवर सोडणारे पाजणीवाले होते, त्यांचा ताणा मागावर केसाळ व्हायचा. उखर्डूनं पाच फेऱ्या कधी केल्या नाहीत.

मामानं कुंचा हातात देण्याआधी एक गोष्ट सांगितली होती. पाजणीवाल्याला गल्लीतल्या प्रत्येक घराचं पोट माहीत असतं. कुणाकडं किती सूत आलं, कुणाचा माग बंद आहे, कुणी हलकं सूत घातलं, सगळं त्याच्या कुंच्याखालून जातं. म्हणून एका घरचा ताणा दुसऱ्या घरी बोलायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. ज्यानं मोडलं त्याला गल्ली बोलवत नसे, एवढंच.

मामा गेल्यावर कुंच्याच्या दुसऱ्या टोकाला कौतिक उभा राहिला. कौतिक स्वतः विणकर. सकाळी पाजणी करायचा, मग आपल्या मागावर बसायचा. दोघांची उंची सारखी, हात सारखा. बारा वर्षं त्यांनी एक कुंचा धरला. बोलणं फार होत नसे. कौतिकनं "हां" म्हटलं की उचलायचा, उखर्डूनं "बस" म्हटलं की टेकवायचा.

कौतिकच्या घरात दोन खड्डामाग होते, विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तसले. एक त्याचा, एक थोरल्या भावाचा, कडूचा. फाळणीच्या वर्षी पावसाळ्यात कडू तापानं गेला. त्याची बायको मालूबाई, पोरबाळ नाही. विणकरांत बाई सूत उकलते, कांड्या भरते, म्हणजे आडवं सूत नळ्यांवर गुंडाळते, पण मागाच्या खड्ड्यात उतरत नाही. मालूबाई उतरली. दार लावून, दुपारच्या वेळी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना. आवाज बाहेर जायचा. पण दोन मागांच्या घरातून मागाचा आवाज आला तर कुणाला काय वाटणार? उखर्डूला मात्र कळलं. कडू गेल्यावरही त्या घरातून ताणे दोनच येत राहिले आणि दुसरा ताणा पूर्वीपेक्षा नीट भरलेला असायचा. त्यानं कौतिकला विचारलं नाही. कौतिकनं सांगितलं नाही.

मग नवं सरकार आलं. सुता-कापडावरचं कंट्रोल उठलं आणि सहा-सात महिन्यांत पुन्हा बसलं. सूत कार्डावर मिळायला लागलं, ज्याचा माग त्याचं कार्ड. आजूबाजूची संस्थानं विलीन होत होती, तिकडचे विणकरही यादीत धरायचे होते, आणि सूत तेवढंच होतं. त्यामुळं कुणाचा माग खरा आणि कुणाचा कागदावरचा, हे बघायला माणसं फिरू लागली. कडूचं कार्ड कडूच्याच नावावर होतं. मेलेल्या माणसाचं कार्ड रद्द, असा नियम होता.

उखर्डूकडं कार्ड नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं एक जुना माग आणला होता, घरात खड्डाही खणला होता. पण मागांची मोजणी झाली तेव्हा तो माग नुसता भिंतीला टेकून होता, म्हणून यादीत आला नाही. त्याची बायको कोकिळा रोज त्या खड्ड्याला वळसा घालून चुलीशी जायची आणि रोज म्हणायची, "बाई गं, घरात विहीर खणून ठेवली. पाणी कधी लागते काय माहीत."

मार्गशीर्षातली गोष्ट. पाजणी आटपली होती, कौतिक घरी गेला होता. उखर्डू विहिरीवर कुंचा धूत होता. कोट घातलेला एक माणूस येऊन काठावर बसला. विनायक नावाचा पुरवठ्याच्या कचेरीतला कारकून. त्यानं विडी पुढं केली.

"दिवसाला किती ताणे पाजता?"

"मोसमात दोन."

"दोन? खंडव्याकडचे लोक तर तीन म्हणतात."

"तीन होतील. पाच फेऱ्यांत होतील," उखर्डू म्हणाला. "सहा फेऱ्यांत दोनच होतात. या गल्लीत कुणालेही विचारा."

"गल्लीत सगळं तुम्हीच करता?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत."

आणि त्यानं सांगितलं. कुणाचा ताणा केव्हा, कुणाचा किती हात, एकही घर न सोडता, घरांच्या रांगेनं नाही तर ज्या क्रमानं महिनाभर पाजणी चालायची त्या क्रमानं. आपण किती खपतो हे आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं. विनायक मांडीवरच्या कागदावर लिहीत होता.

"कौतिककडे दोन ताणे? भाऊ तर वारला ना त्याचा?"

उखर्डूच्या हातातला कुंचा पाण्यात होता. इथं तो थांबला होता, हे त्याला पुढं जन्मभर आठवत राहिलं. म्हणजे तोंडातून निसटलं असं म्हणायची सोय राहिली नाही.

विनायक म्हणाला, "एखादं कार्ड मोकळं झालं तर दुसऱ्या कुणाला देता येतं. तुमच्याकडे माग आहे म्हणे."

"कडूचा माग मालूबाई चालवते," उखर्डू म्हणाला. "त्याची बायको. तिचा हात कडूपेक्षा चांगला आहे. काठ बघा तिचा, एक धागा इकडचा तिकडं नाही."

त्याला वाटलं, आपण कौतुक केलं.

आठ दिवसांनी शिपाई आला आणि कडूचं कार्ड घेऊन गेला. माग बंद. मालूबाईच्या मागावर अर्धं लुगडं तसंच राहिलं, ते पुरं करायलाही सूत नव्हतं. महिन्याभरानं नव्या यादीत आणखी तीन-चार नावांबरोबर उखर्डूच्या नावाचं कार्ड निघालं, म्हणून कुणाला त्यात वेगळं दिसलं नाही. त्यानं ते घेतलं. कोकिळेनं दाराला हळदीची बोटं लावली.

विणकर अमावास्येला माग चालवत नाहीत. त्या अमावास्येला गल्ली पिंपळाच्या पारावर बसली. ही आतली बातमी बाहेर गेली कशी, एवढाच विषय होता. संशय गोटूवर होता. गोटू हमाल, डेपोतून सुताच्या गठ्ठ्या डोक्यावर आणून घरोघर टाकायचा. डेपोत रोज जाणारा तोच.

"तिथं बसून चहा पितो की नाही तू?" कौतिकनं विचारलं.

"पितो न. फुकट भेटते," गोटू म्हणाला.

"फुकट कोण पाजते रे? बदल्यात काय देतो?"

"कौतिकभाऊ, मी हमाल आहे. माझं डोकं भाड्यानं आहे, तोंड नाही."

काहीजण हसले. कौतिक हसला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "गोयंदा आहे साला!"

पाराच्या कडेला श्रीकांतअप्पा बसले होते. कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. फारसी कागद वाचणारे गल्लीत ते एकटेच उरले होते. ते म्हणाले, "शब्द तर मोठा काढला. अर्थ ठाऊक आहे का?"

"अप्पा, अर्थ काय त्यात. चुगली करणारा."

"नाही. फारसी शब्द आहे. गुफ्तन म्हणजे बोलणं. गोयंदा म्हणजे बोलणारा. बस, इतकंच. गाणारा, गोष्ट सांगणारा, तोही गोयंदाच."

"मग शिवी कशी झाली?"

"कोतवालाला माणसं लागत. बाजारात बसायचं, ऐकायचं आणि चावडीवर येऊन बोलायचं. त्यांना हे नाव पडलं. पुढं इंग्रजांनी दरोडेखोर धरले, तेव्हा त्यांच्याही कागदात हाच शब्द आला. बोलणारा म्हणता म्हणता, जिथं बोलायचं नाही तिथं बोलणारा, असं झालं." अप्पांनी पानाची पिंक टाकली. "आता फरक बघा. चहाडखोर तिखटमीठ लावतो. फितूर होणाऱ्याला निदान उठून दुसऱ्या बाजूला जावं लागतं. गोयंद्याला काहीच करावं लागत नाही. खोटंही नको. आहे ते बोलायचं, बसल्या जागी."

"म्हणजे अप्पा, सगळ्यात कमी मेहनतीचं काम म्हणा की!"

सगळी गल्ली हसली. गोटूही हसला. उखर्डू पाराच्या दगडावरची माती नखानं खरवडत होता. आयुष्यात कमी मेहनतीचं काम म्हणून त्यानं हे एकच केलं होतं.

शेवटी ठरलं की आपापली गठ्ठी आपण आणायची. गोटूला कुणी काम द्यायचं नाही. कौतिकनं विचारलं, "कुणाला काही म्हणायचं आहे?" आणि बघत बघत त्याची नजर उखर्डूवर आली. बारा वर्षांच्या सवयीनं आली असेल. उखर्डूनं मान हलवली. नाही.

त्यानंतर पाजणीत त्याचा हात जड पडायला लागला. एकदा त्याच्या बाजूचे अकरा धागे तुटले. कौतिक म्हणाला, "ताप आहे का अंगात?" उखर्डू म्हणाला, "नाही." तो धागे सांधायला बसला. मी खोटं काही बोललो नाही, असं तो मनाशी म्हणायचा, आणि अप्पांचा तो फरक लगेच आठवायचा. घरी नवं सूत कोपऱ्यात पडून होतं. तो मागावर बसायचा, चार बोटं विणायचा आणि उठायचा. पाजणीवाल्याचा हात, विणायची सवय नाही. पण कारण तेवढंच नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी गोटू त्याच्या दारात आला. खांद्यावर गाठोडं.

"तुकईथडले जाऊ राह्यलो. कपाशी वेचायले. मेहुणा आहे तिथं."

"बस न. पाणी घे."

गोटू उंबऱ्यावर बसला. पाणी प्यायला. कोकिळा परसात होती. गोटूनं आवाज खाली केला.

"उखर्डूभाऊ, मले माहीत आहे."

उखर्डूनं परसाकडं बघितलं.

"डेपोत विनायकबाबूनं यादी वाचली, तेव्हा मी गठ्ठी बांधत होतो. घरं गल्लीच्या क्रमानं नव्हती. आधी दगडूचं, मग एकदम खालच्या बाजूचं, मग कौतिकचं. तुमच्या पाजणीचा क्रम. मी रोज गठ्ठी त्याच क्रमानं टाकतो न, मले नाही कळणार?"

"मग पारावर बोलला काहून नाही?"

गोटूनं तांब्या खाली ठेवला. "कसा बोलणार? बोललो असतो तर अप्पा म्हणाले ते मी झालोच असतो न. अन् बोललो नाही तरी झालोच." तो हसला. "हमालाचं नशीब. ओझं कोणाचं, डोकं कोणाचं."

तो उठला. उखर्डूनं त्याचा हात धरला. गोटूनं सोडवून घेतला, जोरानं नाही, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूचा ताणा होता. थंडी होती, खळ घट्ट झाली होती, दोघांनी ती गरम पाण्यानं सारखी केली. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत कुंचा मधल्या घोडीपाशी आला, तेव्हा उखर्डू बोलला. समोर न बघता, कुंच्याकडं बघत.

"कौतिक, मालूबाईचं मी सांगितलं. गोटूनं नाही. विनायकबाबूले मी सांगितलं. कार्ड भेटल म्हणून."

शेवटचे तीन शब्द त्यानं मुद्दाम जोडले. रात्रंदिवस त्यानं हे वाक्य मनात जोडलं होतं आणि दर वेळी ते तीन शब्द गळत होते.

कुंचा थांबला नाही. कौतिकचा हात हलका झाला नाही की जड झाला नाही. ताणा ओला होता, दगडूचा होता. दोघं टोकापर्यंत गेले, वळले. चौथी फेरी. पाचवी. उन्हं कौलांवरून खाली उतरली. दगडूची बायको दारात बसून सुपात ज्वारी पाखडत होती. तिला काही वेगळं दिसलं नसेल. उखर्डूला वाटत होतं कौतिकनं कुंचा फेकावा, शिवी द्यावी, तोंडात मारावी. कौतिक ओढत होता. सारख्या जोरानं. सहावी फेरी झाली आणि "बस" म्हणायची पाळी उखर्डूची होती.  कौतिकनंच कुंचा टेकवला.

रोज कुंचा उखर्डू धूत असे. त्या दिवशी कौतिकनं तो विहिरीवर नेला, धुतला, उन्हात आडवा केला. परत आला आणि म्हणाला, "गोटूले आणायले मी जातो. पारावर त्याले बोल मी लावला होता. वहिनीले तू सांग."

त्यानंतर त्यानं उखर्डूसमोर कुंचा धरला नाही. गल्लीनंही बोलावलं नाही. पारावर काही ठरलं नाही, कुणी घरी येऊन सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाजणी झाली आणि कौतिकच्या समोर दुसरा माणूस होता, एवढंच.

मालूबाई ओसरीवर रहाट फिरवत होती. कौतिकच्या कांड्या भरत होती. उखर्डू उभ्यानंच बोलला. तिनं रहाट थांबवला नाही.

"काय सांगितलं त्याले? शब्दानशब्द सांग."

"म्हटलं, कडूचा माग मालूबाई चालवते."

"अजून?"

"म्हटलं, तिचा हात कडूपेक्षा चांगला आहे. काठ बघा म्हटलं."

रहाट थांबला. "हे तू मले कधी नाही सांगितलं," ती म्हणाली. "दीड वरीस खड्ड्यात बसली मी, दार लावून. चांगलं जमतं की वाईट, कोणाले विचारू? तुले दिसत होतं. अन् सांगितलं त्याले."

तिनं भरलेली कांडी टोपलीत टाकली.

"कार्डाचं सूत आलं का?"

"आलं."

"कोण बसतं मागावर?"

"मीच. जमत नाही."

तिनं पुन्हा रहाटाला हात घातला. "उद्या येते. दार लावायचं नाही म्हणावं कोकिळेले. माग तुझा, कार्ड तुझं. झाकायचं काय आता?"

कोकिळेला त्याच संध्याकाळी सगळं कळलं. ती रडली नाही. म्हणाली, "मी त्या सुताले हात लावणार नाही. हळद लावली होती मी दाराले." विणणाऱ्याला कांड्या लागतात, आणि कांड्या भरणं बायकांचं काम. कोकिळा भरणार नाही, मालूबाई माग सोडून भरू शकत नाही. मग उखर्डू रहाटावर बसला.

लोक बघायला आले. बाई खड्ड्यात आणि पुरुष रहाटावर, दार सताड उघडं. "उखर्डूबाई, कांड्या झाल्या का?" असं जाता-येता ओरडायचे. तो मान वर करत नसे. पहाटे उठून दिवसाच्या कांड्या भरायच्या, मालूबाई आली की त्या तिच्या उजव्या हाताशी ठेवायच्या आणि मग सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गासड्या उचलायला जायचं. सैल कांडी मागावर अडकते, म्हणून तो प्रत्येक कांडी अंगठ्यानं दाबून बघायचा. पहिल्या महिन्यात त्यानं भरलेल्यातल्या निम्म्या मालूबाईनं परत फेकल्या. सहा महिन्यांनी एकही परत आली नाही. विणलेलं लुगडं तिचं, मजुरी तिची. त्यानं त्यातलं काही घेतलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

कौतिकनं गोटूला तुकईथडहून आणलं. भर पारावर त्याची माफी मागितली. गोटू गठ्ठ्या आणायला लागला, पण डेपोतला चहा त्यानं सोडला. उखर्डूची गठ्ठी तो सगळ्यांसारखीच दारात टाकायचा आणि "गठ्ठी!" म्हणून पुढं जायचा. पाण्याला थांबत नसे.

आठ वर्षं अशी गेली. त्या काळात मालूबाई आणि उखर्डू यांच्यात सुताशिवाय बोलणं झालं नाही. "बारीक दे." "उद्या लाल लागेल." एवढंच. प्रांतांची नवी वाटणी झाली, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, आणि विणकरांची सोसायटी निघाली. कंट्रोलची कार्डं केव्हाच संपली होती, पण व्यापारी बाईच्या नावावर सूत देत नसत. आता सभासदाला सूत मिळे, बाई असो की पुरुष. मालूबाईचं नाव लागलं. कौतिकनं कडूचा बंद पडलेला माग झाडूनपुसून काढला, नवी फणी बसवली.

त्या संध्याकाळी तिनं उखर्डूच्या मागावरचं शेवटचं लुगडं कापून काढलं, घडी घातली आणि खड्ड्यातून वर आली. गुडघे धरून जरा उभी राहिली.

"उद्यापासून येत नाही मी. तुझ्या कांड्यांचंही झालं."

"झालं?" उखर्डूनं विचारलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मालूबाईला कळलं तो काय विचारतो आहे. ती लुगडं काखेत मारून उंबऱ्यापाशी थांबली.

"कांड्यांचं झालं म्हटलं मी," ती म्हणाली. "बाकीचं मले नाही ठाऊक."

ती गेली. उखर्डूनं रहाटावर अर्धी भरलेली कांडी होती ती पुरी भरली, अंगठ्यानं दाबून बघितली. सैल होती. त्यानं ती उकलली आणि पुन्हा भरायला घेतली.